चंद्रीच्या छपराचा भाव

डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती, आणि त्या वाडीत बयाजी नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे आळशी नव्हे. सांगितलेलं काम बयाजी कधी टाळत नसे. सांगितलं तसं आणि सांगितलं तेवढं तो करत असे. अडचण तिथंच होती.

त्याच्या घरात बायको हौसा आणि दारात चंद्री नावाची म्हैस. लेकरूबाळ नव्हतं. त्यामुळे चंद्रीवर दोघांचा जीव.

गेल्या मार्गशीर्षात चंद्रीच्या छपराच्या लाकडी मेढी वाळवीनं खाल्ल्या आणि खांबच गेल्यावर सगळं छप्पर खाली बसलं. त्याच आठवड्यात ती उघड्यावर व्याली. हौसानं रेडकावर आपलं लुगडं घातलं, शेकोटी केली, पण डोंगरावरनं असा वारा सुटला की सकाळी रेडकू थंड पडलेलं. चंद्री चार दिवस वैरणीला तोंड लावेना. बयाजी तिच्याजवळ नुसता बसून राही.

आता पुन्हा मार्गशीर्ष आला होता. चंद्रीचे दिवस भरत आले होते. आणि नेमका हौसाचा पाय मुरगळून भोपळ्यासारखा सुजला.

हौसा म्हणाली, "अवो, मला जाता येत न्हाई. तुमीच जा. मजबूत खांब आणि वर पत्रा, एवढंच पायजे. पण एकदम कुणाला व्हय म्हणू नका. तीन ठिकाणी भाव विचारा. जिथं कमी पडंल तिथं काम द्यायचं."

"बरं," बयाजी म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

वाडीत शिदोबा नावाचा गवंडी होता. बयाजी त्याच्या घरी गेला. शिदोबा जेवत होता.

"शिदोबा, म्हशीला छप्पर बांधायचं हाय. काय घेशील?"

शिदोबानं भाकरीचा तुकडा मोडत हिशेब केला. "खांब, पत्रा, मजुरी धरून साठ हजार."

"बरं," म्हणून बयाजी बाहेर पडला आणि पारावर जाऊन बसला. शिदोबा जेवून तंबाखू मळत पारावर आला. बयाजी उठून त्याच्यापुढे उभा राहिला.

"शिदोबा, म्हशीला छप्पर बांधायचं हाय. काय घेशील?"

"आत्ताच सांगितलं न्हवं?"

"ते घरात. इथं काय घेशील?"

पारावरची माणसं हसली. शिदोबाला वाटलं, हा चारचौघांत आपली टिंगल करतोय. तो म्हणाला, "इथं सत्तर!"

दुपारी शिदोबा ओढ्यावर बैल धुवायला गेला. कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. काठावरून हाक आली.

"शिदोबा, म्हशीला छप्पर..."

"एक लाख!" शिदोबा ओरडला. "आणि पुन्यांदा विचारलंस तर बैलाबरोबर तुला बी धुतो!"

बयाजी खुशीत घरी आला. जाता जाता चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "झालंच म्हणून समज."

हौसानं विचारलं, "काय झालं?"

"तीन ठिकाणी भाव काढला. ओढ्यावर लई महाग हाय. पारावर मधला. शिदोबाच्या घरात सगळ्यात स्वस्त पडतंय." मग जरा विचारात पडून म्हणाला, "पण त्याच्या घरात छप्पर बांधलं तर चंद्रीला रोज तिकडं न्यावं लागंल."

हौसानं कपाळाला हात लावला.

"अवो, तसं न्हाई! तीन वेगळ्या माणसांकडं जायचं. आणि भाव कधी ऐकून घ्यायचा न्हाई. समोरचा जेवढं म्हणंल त्याच्या निम्मं आपण म्हणायचं. कळलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

बयाजीच्या डोक्यात एका वेळी एकच धडा मावायचा. नवा आत आला की जुना बाहेर.

दुसऱ्या दिवशी तो बाजारच्या गावाला गेला. तिथं इलाहीभाईचं वेल्डिंगचं दुकान होतं. इलाहीभाई मोठा अगत्याचा माणूस. गिऱ्हाईक आलेलं बघून त्यानं खुर्ची पुसून दिली.

"या पाव्हणं. दोन चहा सांगू?"

"एक," बयाजी म्हणाला.

एका चहाचे दोन भाग झाले. ते पिता पिता इलाहीभाईनं म्हशीच्या छपराचं काम ऐकून घेतलं, मग खडू घेतला आणि फरशीवर रेघा मारल्या.

"एक म्हैस, तिचं रेडकू, थोडी वैरण. वीस फूट लांबी घेऊ."

"दहा."

"दहा? बरं. रुंदी बारा?"

"सहा."

"उंची तरी दहा घ्या."

"पाच."

इलाहीभाईनं टोपी मागं सरकवली. "खांब सहा लागतील."

"तीन."

"पाव्हणं, तीन खांबांवर पत्रा राहील कसा? चौथा कोपरा कुणी धरायचा?"

"मी धरीन," बयाजी म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

इलाहीभाईनं पाच फुटांच्या रेघेवर खडूनं फुली मारली. मग हळूच म्हणाला, "आणि म्हैस? पाच फुटांच्या छपराखाली म्हैस मावंल का?"

"निम्मी मावंल."

"आणि निम्मी?"

बयाजीनं विचार केला. "तोंडाकडचं आत ठेवू. थंडी तोंडाला लागते."

इलाहीभाईच्या हातातला खडू गळून पडला. तरी तो धंद्याचा माणूस होता. म्हणाला, "तर मंग ह्या... ह्याचे सत्तावीस हजार."

आता सत्तावीसचं निम्मं किती? बयाजीनं बोटं मोजली. एक बोट मधोमध मोडावं लागत होतं. ते काही त्याला जमेना. शेवटी तो म्हणाला, "बरं."

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. चंद्रीला तर दारातच सांगून झालं होतं.

हौसा ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे सगळ्याचं निम्मं केलंत, आणि भावाचं तेवढं न्हाई?"

"भाव विषम निघाला."

"अरे देवा! अवो, भाव कमी करायचा असतो, माप न्हाई! मापात हात आखडायचा न्हाई. असंल त्याच्या दुप्पट सांगावं. जागा उरली तर वैरण ठिवू."

"दुप्पट?"

"दुप्पट!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

खालच्या गावात दौलू सुतार होता. हात सरळ, बोलणं सरळ, भाव सरळ. बाभळीच्या मेढी रोवून वर पत्र्याची छपरं बांधण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. बयाजी त्याच्या अंगणात जाऊन बसला आणि गाभण म्हशीच्या छपराचं काढलं. दौलू रंधा मारत होता.

"म्हशी किती तुमच्याकडं?" दौलूनं विचारलं.

बयाजीनं मनात हिशेब केला. "दोन."

"शिंगाळ हायत का? शिंगं लांब असली तर जागा जास्त लागते."

"एकीला चार शिंगं."

दौलूचा रंधा थांबला. "चार?"

"चार. दोन्हीकडनं दोन-दोन."

"बघाय यायला पायजे," दौलू म्हणाला. "आणि दूध?"

चंद्री वेळेला पाच लिटर द्यायची. "धा," बयाजी म्हणाला.

"चार शिंगांची, धा लिटरची म्हैस! नशीबवान हायसा." दौलूनं लाकडावरची धूळ फुंकली. माणूस साधा असल्यामुळं त्याला समोरचा खोटं बोलेल असं वाटत नव्हतं. बयाजीलाही आपण खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. तो बायकोचं ऐकत होता. "मी बावीस हजारांत बांधून देतो. मेढी माझ्या. पत्रा चांगला. कधी विणार म्हैस?"

हौसा म्हणाली होती, आठवडा काढेल. बयाजी म्हणाला, "दोन आठवडे."

"मंग काय घाई न्हाई. माझ्या हातात शाळेचे बाक हायत. तेवढे उरकतो आणि पुढच्या आठवड्यात येतो."

"बरं," म्हणून बयाजी उठला.

तो घरी आला तेव्हा हौसा भिंतीला धरून चंद्रीजवळ उभी होती. चंद्रीची कास भरून खाली उतरली होती. हौसानं तिकडं बोट केलं. "आज न्हाई तर उद्या. काय म्हणाला दौलू?"

"बावीस. मेढी त्याच्या. येतो म्हणाला पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात? तुमी त्याला सांगितलं न्हाई का, म्हशीचं दिवस भरल्यात म्हणून?"

"तू दुप्पट सांगाय सांगितलंस."

हौसा भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडाला लावून थोडी रडली. तिला गेल्या वर्षीचं ते रेडकू दिसलं असावं. बयाजीला तिचं रडणं सोसत नसे. तो तिच्याजवळ बसला आणि तिचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन हलका चोळत राहिला.

"चुकलं का माझं?"

हौसानं डोळे पुसले. "न्हाई वो. सांगणारी मीच. आता नीट ऐका. तसंच उलट्या पावली जा. भाव पटला की तिथल्या तिथं विसाराचे पैसे हातावर ठेवायचे, आणि माणूस सामानासकट घेऊनच यायचा. मोकळं यायचं न्हाई. घ्या हे चार हजार."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि बयाजी निघाला. भराभर चालत होता. खालच्या गावची वाट बाजाराच्या गावावरून जायची. तिथं रस्त्याच्या कडेला त्याला काय दिसलं? चार माणसं खांब रोवत होती. बयाजी बघत उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत खांब उभे राहिले, वर छत आलं, तीन बाजूंनी आडोसा झाला. शिदोबा नुसता ओरडला होता, इलाहीभाईनं नुसत्या रेघा मारल्या होत्या, आणि हा माणूस बघता बघता छप्पर उभं करत होता! फार मोठा कारागीर असला पाहिजे.

त्याचं नाव अण्णासो. लग्नाचे मांडव घालायचा त्याचा धंदा. जाकिटाच्या खिशात हात घालून तो माणसांवर ओरडत होता.

"असलं एक आमच्या दारात पायजे," बयाजी म्हणाला. "काय घ्याल?"

"कनात, सतरंजी, दिवे, कमान, सगळं धरून चार हजार."

बावीस हजार आणि चार हजार! बयाजीनं चारच्या चार हजार त्याच्या हातावर ठेवले.

अण्णासो जरा चमकला. घासाघीस न करता पैसे देणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. "कार्य कुणाचं हाय?"

"चंद्रीचं."

"पोरगी वाटतं तुमची?"

"पोरीसारखीच."

"आणि तारीख?"

"आज न्हाई तर उद्या. दिवस भरल्यात तिचं."

अण्णासोनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "म्हंजे घाई हाय म्हणा."

"लई घाई हाय. गेल्या साली बी असंच झालं, उघड्यावर."

"गेल्या साली बी?"

"व्हय. तवापास्नं बायको रडते."

अण्णासोनं जाकिटाच्या खिशातले हात बाहेर काढले. तो तसा कनवाळू होता. त्यानं बयाजीच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका, दादा. असतं असं कुणाकुणाच्या घरी. चला, आत्ताच जाऊ. कुणाला कळायच्या आत उरकू."

टेम्पो वाडीत शिरला तेव्हा दिवस कलायला लागला होता. तासाभरात बयाजीच्या दारात लाल-पिवळा मांडव उभा राहिला. झालर लागली. खाली सतरंजी अंथरली. मखमलीच्या दोन खुर्च्या मांडल्या. पुढं थर्माकोलची कमान, त्यावर मोठ्या अक्षरांत 'शुभविवाह'.

शेजारची पारूकाकी धावत आली. "हौसा, कुणाचं गं लगीन? एका शब्दानं बोलली न्हाईस!" पारूकाकीच्या मागं आणखी चार बायका. एकीनं तर घाईघाईत आहेराचं पातळही आणलं.

हौसा दारात चौकट धरून उभी होती. ती एकदा कमानीकडं, एकदा नवऱ्याकडं बघत होती.

"पोरीला बाहेर आणा म्हंजे दिवे कुठं लावायचे ते ठरवू," अण्णासो म्हणाला. "कुठाय चंद्री?"

"ही काय," बयाजी म्हणाला. "तुमच्या मागं."

अण्णासो वळला. चंद्रीनं त्याच्या जाकिटाचा वास घेतला.

तेवढ्यात हौसा ओरडली. "अवो, मी छप्पर आणाय सांगितलं, तुमी मांडव आणलात! हे उद्या काढून न्हेतील की!"

"उद्या सकाळीच," अण्णासो म्हणाला. "पलीकडच्या गावात लगीन हाय. चार हजार एका दिवसाचं भाडं असतंय, वहिनी."

हौसा आणखी पुष्कळ बोलणार होती. पण चंद्रीनं पाय झाडले, कण्हली आणि गुडघ्यावर बसली. वारा डोंगरावरून खाली उतरायला लागला होता.

"बोलणं मागनं," हौसा म्हणाली. "आधी तिला आत घ्या."

मग सगळ्यांनीच हात लावला. आहेर घेऊन आलेल्या बायकांनी पाणी तापवलं. अण्णासोनं वाऱ्याकडच्या बाजूनं दुहेरी कनात बांधली आणि आपले मोठे दिवे लावून आत ऊब केली. हौसा लंगडत आली आणि नवरदेवाच्या खुर्चीत बसून सांगत राहिली, हे धरा, ते सोडा. झालरीखाली, लाल सतरंजीवर चंद्री व्याली. रेडकू धडपडत उठलं, पडलं, परत उठलं आणि थेट कासेला लागलं. हौसा रडता रडता हसायला लागली. अण्णासोनं तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि माणसांना उगाचच दोन शिव्या दिल्या.

सकाळी हौसानं पक्कं ठरवलं, दौलूकडं आता आपणच जायचं. पारूकाकीच्या पोरानं गाडी जुंपली. गाडीत चढता चढता हौसा म्हणाली, "मी दौलूला मेढींसकट घेऊन येते. तोवर एकच काम करा. गारठा वाईट हाय. काय बी झालं, कुणी बी आलं, तरी रेडकाला ह्या छपराखालनं बाहेर काढायचं न्हाई. कळलं?"

"बरं. ध्यानात ठेवतो."

गाडी वळणाआड गेली आणि अण्णासोचा टेम्पो आला. माणसं पटापट दोऱ्या सोडायला लागली. बयाजी रेडकू उचलून मांडवाच्या मधोमध उभा राहिला.

"दादा, बाजूला व्हा. छत काढायचंय."

"काढा की. मी खालीच उभा हाय."

छत सुटलं आणि बयाजीच्या अंगावर आलं. तो आतच उभा राहिला. लाल-पिवळ्या कापडाचा एक उंचवटा, आणि त्यातून रेडकाचं ओरडणं.

"अवो, आमाला जायचंय! अकराचा मुहूर्त हाय!"

"जाऊ या," उंचवट्यातून आवाज आला. "कुठं जायचं?"

अण्णासोनं विनवलं, रागावला, शेवटी घड्याळ बघून हात टेकले. कापडाखालचा बयाजी तसाच उचलून टेम्पोत ठेवला. रेडकू ओरडतंय म्हटल्यावर चंद्री थोडीच मागं राहणार? ती फळीवरून आपली आपण चढली.

हौसा दौलूला घेऊन आली तेव्हा दारात नुसते खड्डे होते. ना मांडव, ना म्हैस, ना नवरा. दौलूनं इकडं तिकडं बघून विचारलं, "चार शिंगांची म्हैस कुठाय?" मग वाकून एका खड्ड्यात हात घातला आणि म्हणाला, "खोली बरी हाय. जरा वाढवून मेढी रोवायला घेतो. येतील हिंडून फिरून."

हौसा पायरीवर बसली. टेम्पो कुठं गेला ते पारूकाकीनं तिला सांगितलं. पण त्या पायानं ती कुठं धावणार?

पलीकडच्या गावात मांडव उभा राहिला होता. सनई वाजत होती. पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीवर, बयाजी मांडीवर रेडकू घेऊन बसला होता. रेडकू झोपलं होतं. बयाजीनं आपलं मुंडासं सोडून त्याच्यावर पांघरलं होतं. चंद्री बाजूच्या खांबाला टेकून आंब्याच्या पानांचं तोरण खात होती. तोरण संपल्यावर तिनं अक्षतांच्या ताटाला तोंड लावलं. भटजींनी 'सावधान' म्हटलं की ती मान वर करून एवढ्यांदा रेकायची की वाजंत्री थांबायची.

मुलाकडच्यांना वाटलं, हे मुलीकडचं कुणी मानाचं माणूस असावं. मुलीकडच्यांना वाटलं, मुलाकडचं. म्हणून कुणी काही बोलेना. उलट दोन्हीकडून बयाजीला गंध लागलं, दोन्हीकडून टोपी आणि नारळ मिळाला. आधी आलेली टोपी त्यानं रेडकाला घातली.

शेवटी नवरदेवाच्या आजोबांना राहवेना. ते काठी टेकत आले, आणि बयाजीपुढं उभे राहून आधी त्याच्याकडं, मग टोपीतल्या रेडकाकडं, मग चंद्रीकडं बघत राहिले.

"पाव्हणं, राग मानू नका. पण तुमी नवऱ्याकडचं, का नवरीकडचं?"

बयाजीनं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"आमी रेडकाकडचं," तो म्हणाला. "जेवण सावकाश होऊ द्या. पण मांडव काढताना तेवढं सांगा, आमाला बी पुढच्या लग्नाला निघावं लागंल."